मारुतीला देऊन टाकलेला शनिवार

एझ्राकाका, त्या शुक्रवारी मी तुम्हाला वाचवलं नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि रिबेकाकाकूंपुढे तर नाहीच. तुम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती. तुम्ही काउंटरच्या पलीकडे हातभर अंतरावर उभे होता आणि तुमचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. दुकानाच्या काचेत तुम्ही लावलेलं कापड तसंच आहे: कार्नावालच्या सोंगांसाठीची लाल-पिवळी साटीन, खोटी फर, टिकल्यांचं जाळीदार कापड. चौकात रंगीत पताका लागल्या आहेत. काल तिथून सायकलवरून येताना बेकरीच्या दारात विदूषकाचा पुतळा ठेवलेला दिसला आणि माझे पाय पेडलवरच थांबले. पन्नाशीला आलेला माणूस, फेल्डहोवनमध्ये मोठाल्या यंत्रांची कामं बघणारा, पुठ्ठ्याच्या विदूषकाला घाबरला. पुढच्या गल्लीत उतरून मी सायकल हातात धरून चालत गेलो.

तुमची-माझी पहिली भेट मी लोकांना फार रंगवून सांगायचो. अनघाला खणाच्या ब्लाउजला अस्तर हवं होतं. तुमच्या दुकानात शिरून मी फोनवर तिच्याशी हुज्जत घालत होतो, "अगं, इथे काय कळणार यांना खण म्हणजे काय ते, देतील ते घेऊन येतो." आणि काउंटरमागचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेला म्हातारा मापाच्या पट्टीवरची नजर न काढता म्हणाला, "कॉटनचं न्या. पॉलिस्टर अंगाला चिकटतं. आणि त्यांना सांगा, खण आम्हाला कळतो."

माझ्या हातून फोन पडायचाच राहिला होता.

"तुम्ही मराठी?"

"अलिबागचा. नागावकर."

"आणि ते दारावर...?" चौकटीला तिरकी ठोकलेली ती बोटाएवढी पितळी नळी मी आत येताना पाहिली होती.

"ते मेझुझा. आत आमच्या शास्त्रातलं वचन असतं. आम्ही बेने इस्रायल. ज्यू. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, माहितीय? तेलाचे घाणे होते आमचे, आणि शनिवारी बंद. अख्ख्या गावाचं तेल शनिवारी अडायचं." मग पट्टीवर अस्तर ताणत म्हणालात, "इथेही उद्या बंद आहे. काही विसरला असाल तर आत्ता घेऊन जा. सोमवारपर्यंत दारावर थापा मारल्यात तरी उघडायचो नाही."

त्या डच गावात शनिवार हा बाजाराचा दिवस. सगळी दुकानं त्या एका दिवसाकडे डोळे लावून असतात. तुमचं मात्र शुक्रवारी सूर्य कलायला लागला की बंद. कापडगिरणीच्या रंगखात्यात कामाला म्हणून तरुणपणी आलात, गिरणी बंद पडल्यावर हे दुकान घेतलंत, तेव्हापासून असंच. लोक समजायचे, इंडियातला माणूस आहे, असेल काहीतरी त्यांचं. तुम्ही कुणाला मुद्दाम सांगितलं नाहीत, कुणापासून लपवलंही नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतंत. तुमच्या सावळ्या रंगाकडे बघून कुणी विचारलंच नाही.

आणि दारासमोरचे ते दगड. फरसबंदीत बसवलेले छोटे पितळी चौकोन, त्यांवर नावं. तुमच्याआधी, युद्धाच्या आधी, त्याच जागेत कापडाचं दुकान असलेल्या ज्यू कुटुंबाची. पूर्वेकडून कुठूनतरी खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन आलेला माणूस, त्याची बायको, त्यांच्या मुली. युद्धात, ज्यू म्हणून, त्यांना त्याच दारातून नेलं, परत कुणी आलं नाही. दर शुक्रवारी दुकान बंद करण्याआधी तुम्ही गुडघे टेकून ते दगड चिंचेने घासायचात. एंडहोवनच्या इंडियन दुकानातून मीच चिंच आणून द्यायचो. बेकरीवाली यानेके एकदा म्हणाली, "किती चांगले आहात तुम्ही, परक्यांसाठी करता." तुम्ही म्हणालात, "पितळ आहे. नाही घासलं तर काळं पडतं." मी शेजारी उभा होतो. ते परके नव्हते हे त्या चौकात आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि त्या माहितीचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. दुसऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक असण्याचा अभिमान. त्याची काही किंमत मोजावी लागत नाही.

आता तो शुक्रवार.

काही वर्षांपूर्वीच्या कार्नावालचा आदला दिवस. सकाळपासून दुकानात रांग होती, फर संपली होती, रिबेकाकाकू मागच्या खोलीत शब्बाथच्या, शुक्रवारी मावळतीला सुरू होणाऱ्या तुमच्या शनिवारच्या, स्वयंपाकाला लागल्या होत्या. नारळाच्या रसातल्या माशाचा वास कापडाच्या ठाणांपर्यंत आला होता. तुमचा खांदा धरलेला म्हणून बाहेरचं लोखंडी शटर ओढायला मी शुक्रवारी यायचो. मी दाराजवळ वाकून उरलेले ताके बांधत होतो. तेव्हा ते दोघे आत आले. एक विदूषक, पांढराफटक रंगवलेला, आणि एक अस्वलाच्या कातड्यात, तोंड उघडं. हातात बिअर. कुणाची तरी मुलं असतील, कदाचित तुमच्याकडूनच आईने फर नेलेली.

त्यांना पिवळी फीत हवी होती. तुम्ही मापून दिलीत. मग विदूषकाने काचेवरची पाटी वाचली.

"उद्या बंद? कार्नावालच्या शनिवारी?"

"दर शनिवारी बंद," तुम्ही म्हणालात.

"शनिवारी कोण दुकान बंद ठेवतं?" अस्वल म्हणालं. आणि हसत हसतच, "ज्यू ठेवतात."

विदूषकाने काउंटरवरची तुमची मोठी कात्री उचलली. ती त्याने उघडली, मिटली, उघडली. हवेत. चेहऱ्यावर लाल रंगाचं हसू रंगवलेलं होतं, त्यामुळे खाली तो हसतोय की नाही ते दिसत नव्हतं. तेच मला आजही आठवतं, की दिसत नव्हतं. मग तो वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे नाही. माझ्याकडे.

"तू ज्यू आहेस?"

माझ्या तोंडात सुती दोरा कोंबल्यासारखं झालं. दार माझ्या पाठीशी होतं, उघडं होतं, बाहेर माणसं होती, बँडचा आवाज होता. मी म्हणालो, "मी नाही." पुन्हा म्हणालो, "मी नाही." आणि काका, असं म्हणताना मी तुमच्याकडे पाहिलं. चोर कुठाय विचारल्यावर लहान मूल जसं नुसत्या डोळ्यांनी दाखवतं, तसं पाहिलं.

विदूषकाने माझ्या नजरेच्या रेषेत मान फिरवली आणि तो तुमच्याकडे बघायला लागला.

तुम्ही मापाची पट्टी दोन्ही हातांत आडवी धरली होती. तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर मग माझा आवाज चढला. काकूंनी मागच्या खोलीतून ऐकला तो हा आवाज. "तेही नाहीत. आम्ही हिंदू आहोत, इंडियातले. शनिवार हा आमच्या मारुतीचा वार. माकडाच्या रूपातला देव. त्या दिवशी उपास असतो, तेल घेत नाहीत, लोखंड घेत नाहीत, कात्रीला हात लावत नाहीत. म्हणून बंद." माझ्या आजीचं सगळं शनिमाहात्म्य मी मोडक्यातोडक्या डचमध्ये त्या दोघांपुढे ओतलं. कात्रीचं तर मी तिथल्या तिथे रचलं.

अस्वल म्हणालं, "माकड?" आणि काखा खाजवून दाखवल्या. विदूषकाने कात्री खाली ठेवली. पिवळ्या फितीचे पैसे दिले. "चांगला कार्नावाल," असं म्हणून दोघे गेले. कदाचित ते काहीच करणार नव्हते. कदाचित सगळी गंमतच होती. हे "कदाचित" मी इतक्या वेळा घोकलंय, त्याने काही हलकं झालं नाही. ते काय करणार होते तो त्यांचा हिशोब. मी काय केलं ते झालं होतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बाई गं, काय प्रसंगावधान पोराचं. मिलिंद, आज तू होतास म्हणून."

तुम्ही म्हणालात, "शटर ओढ. उजेड चाललाय."

बाहेर पडताना तुम्ही नेहमी चौकटीवरच्या मेझुझाला दोन बोटं लावून ओठांना लावायचात. त्या दिवशी हात वर गेला, चौकाकडे बघितलंत आणि तो हात टोपी सारखी करायला वळवलात. पुढच्या शुक्रवारी मी आलो तेव्हा चौकटीवर दोन भोकं होती. मेझुझा आतल्या बाजूला, बटणांच्या खणांमागे लावला होता.

काकूंनी नवस बोलला होता. मलीदा केला. गोड पोह्यांचा ढीग, नारळ, वेलची, भोवती फळं, एलियाहू हन्नाबी या तुमच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. माझ्या हातात त्यांनी पहिली बशी दिली. "संकट टळलं की हे करतात आमच्यात. आज तुझा मान." मी बशी तशीच धरून बसलो. तुम्ही समोरून म्हणालात, "खा. गोड आहे." मी तुमच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तुम्ही मला नुसते पोहे खायला सांगत होता. ते जास्त वाईट होतं.

माझी थाप मात्र गावभर झाली. यानेके सोमवारीच दुकानात आली, "मला माहीतच नव्हतं, तुमचं ते माकडदेवासाठी असतं. किती सुंदर. आम्ही उगाच काहीबाही समजायचो." काय समजायचे ते तिने सांगितलं नाही. लोक मुद्दाम थांबून विचारायला लागले. शेवटी काकूच मला म्हणाल्या, "अरे, येताना पुण्याहून एक मारुती आण. विचारतात तर भिंतीवर असलेला बरा." मी आणला. शेंदरी, गदा घेतलेला. काउंटरमागे तुम्हीच खिळा ठोकलात.

"बस बाबा," तुम्ही मारुतीला म्हणालात. "अलिबागला आमच्या आळीच्या तोंडाशी तुझंच देऊळ होतं. तुझ्याशी माझं भांडण नाही." मग माझ्याकडे वळून, "ह्याच्याशी आहे."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही.

"मी तुला म्हटलं होतं का, माझ्या वतीनं बोल म्हणून?"

"काका, त्याच्या हातात कात्री होती."

"कात्री माझी होती. तिनं धड साटीन कापली जात नव्हती."

"ते मला काय माहीत?"

"मी अलिबागहून काय आणलं इथे? सांग. भाषा कुणाशी बोलू? मासे मिळत नाहीत. एक शनिवार आणला होता. तो तू मारुतीला देऊन टाकलास."

"मग सांगा ना लोकांना खरं काय ते. मी अडवलंय का?"

"आता सांगू? म्हणजे आधी खोटं बोललो असं सांगू? आणि हिला रात्री झोप लागेल?"

काकूंना खरंच झोप लागायला लागली होती. बातम्या लागल्या की त्या टीव्हीचा आवाज कमी करायच्या आणि भिंतीवरच्या मारुतीकडे बघायच्या. तुमच्या घराला माझ्या थापेची भिंत झाली होती आणि तुम्ही त्या भिंतीच्या आत गुदमरत होता. दर शनिवारी दुकान बंदच असायचं, पण तुम्ही म्हणायचात, "आता ते बंद असणं माझं नाही राहिलं." दगड मात्र घासत राहिलात. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा खाली उशी घेऊन.

या सगळ्या भांडणात तुम्ही मारुतीबद्दल बोललात, शनिवारबद्दल बोललात, माझ्या आगाऊपणाबद्दल बोललात. "मी नाही" बद्दल एकदाही नाही. ते दोन शब्द आणि ती नजर तुम्ही काकूंनाही सांगितली नाहीत, नाहीतर त्यांनी मला मानाची बशी दिली नसती. मी दर शुक्रवारी शटर ओढायला यायचो तो हेच मनात धरून, आज म्हणतील. आज म्हणतील, तू माझ्याकडे का बघितलंस? तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मला माफ केलं होतं, की माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होता, हे मला आता कधीच कळणार नाही. दवाखान्यात शेवटच्या भेटीत मी सुरुवात केली होती. "काका, त्या दिवशी..." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "चिंच संपलीय." मी पुढे बोललो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तुम्हाला पुरलं तिथे मी होतो. मातीचं फावडं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, जमिनीत खोचून ठेवायचं, दुसऱ्याने स्वतः उचलायचं, हे मला तिथे कळलं. दुःख हातोहात देऊ नये म्हणून, असं तुमच्या मुलाने, डॅनियलने सांगितलं. तो इस्रायलमधल्या हैफाहून आला होता. त्याला तुमच्यासाठी कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची होती आणि तिला दहा ज्यू पुरुष लागतात. थंडी होती, जमलेले थोडे होते, एक कमी पडत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मोजत मोजत माझ्यापर्यंत बोट आणलं आणि अदबीने विचारलं, "तुम्ही ज्यू आहात?"

मी म्हणालो, "मी नाही."

खरं उत्तर होतं ते. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पण काका, आवाज तोच होता. तीच घाई. मी नकळत कबरीकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी लावून एक जण धावत आला, संख्या पुरी झाली, आणि डॅनियलने म्हणायला सुरुवात केली.

नंतर घरी बसलेल्या लोकांना काकूंनी माझी ओळख करून दिली. "हाच तो. ह्यानंच त्या दिवशी यांना वाचवलं." अनोळखी माणसांनी उठून माझे हात हातात घेतले. एका बाईचे डोळे भरले. मी हात सोडवून घेतले नाहीत.

म्हणून हे लिहायला बसलो. काकूंना हे वाचून दाखवणार आहे, या रविवारी, त्यांच्या स्वयंपाकघरात. मला त्याची भीती वाटते, पण ती पेलण्याजोगी आहे. त्या मला शिव्या देतील, किंवा उठून चहा ठेवतील. दुसरी भीती मोठी आहे. हे मी मराठीत लिहितोय, आणि त्या गावात मराठी वाचणारे तुम्ही दोघंच होता. कबुलीसुद्धा मी अशी जागा बघून दिलीय, की तिथे ती कुणाला ऐकू जाणार नाही.

गेल्या शुक्रवारी मी चिंच घेऊन दुकानासमोर गेलो. दारात गावकऱ्यांनी फुलं ठेवली आहेत. खूप आहेत, काका. लोकांचा तुमच्यावर जीव होता. फुलांमध्ये कुणीतरी माकडाची छोटी मातीची मूर्ती ठेवलीय, बागेच्या सामानाच्या दुकानात मिळते तसली, आणि तिच्यापुढे मेणबत्ती. अगदी मनापासून ठेवलेली. मी गुडघे टेकून दगड घासायला लागलो. यानेके पाव बांधून घेऊन आली. माझ्याजवळ उकिडवी बसली.

"आता तू करणार हे?"

"हो."

"छान. त्यांनाही आवडेल. तुमच्या हिंदू लोकांत मेलेल्यांचं किती करतात, नाही?"

चौकात पताका फडफडत होत्या. कोपऱ्यावर कार्नावालच्या तालमीचा बँड वाजत होता. माझ्या हाताला चिंच लागली होती आणि दगडावरची नावं पिवळीधमक झाली होती, वाचता येत होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. डचमध्ये ते फार सोपं आहे, शाळेतलं पोर बोलेल इतकं. मी मान वर केली, तिच्या खांद्यावरून चौकात कोण कोण आहे ते पाहिलं, आणि म्हणालो, "हो, करतात."

तिने पाव माझ्या हातात दिला आणि ती गेली.

तेव्हा काका, देणं अजून तसंच आहे. तुमच्या दुकानाच्या दारात, दिवसाढवळ्या, त्या गावाच्या भाषेत, यानेकेला मला सांगायचंय की एझ्रा नागावकर ज्यू होते, आणि शनिवार त्यांचा होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.